एसआर-१६ वरून डिजिटॅक्टवर: आठ महिन्यांच्या घरगुती रेकॉर्डिंगनंतर

फक्त आवाज सुधारावा म्हणून जुनं ड्रम मशीन बदलणार असाल, तर आधी थोडं थांबा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये जुनं मशीन कमी पडतं ते आवाजामुळे क्वचितच. किक, स्नेअर, हाय-हॅट सगळं एकाच स्टिरिओ जोडीत एकजीव होऊन बाहेर येतं आणि मिक्स करताना त्यातलं काहीच वेगळं काढता येत नाही, ही खरी अडचण. आठ महिन्यांच्या वापरानंतर डिजिटॅक्ट या नव्या ड्रम मशीनचा सगळ्यात मोठा फायदा हाच दिसतो, की प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर येतं आणि रेकॉर्डिंगनंतरही हाताशी राहतं. आवाजांचं म्हणाल, तर यातले निम्मे अजूनही जुन्या मशीनमधूनच घेतलेले आहेत.

जुनं मशीन म्हणजे अलेसिसचं एसआर-१६. १९९० साली आलेलं हे मशीन पुढे कितीतरी वर्षं विकलं जात राहिलं. २३३ आवाज, जोर ओळखणारे १२ पॅड, ५० तयार आणि ५० स्वतः भरायचे पॅटर्न, प्रत्येक पॅटर्नला (तालाच्या तुकड्याला) ए, बी असे दोन भाग आणि दोघांचे फिल, म्हणजे एका भागातून दुसऱ्यात जातानाचे भरावाचे ठोके. नवं म्हणजे एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट, २०१७ ची पहिली आवृत्ती: आठ ऑडिओ ट्रॅक, आठ मिडी ट्रॅक (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना नोटांचे संदेश पाठवायची पद्धत), पॅटर्नला ६४ स्टेपपर्यंत लांबी (स्टेप म्हणजे ठोका बसवायचा एक कप्पा). २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात १६ ट्रॅक, स्टिरिओ सॅम्पल (रेकॉर्ड करून भरलेले आवाज) आणि १२८ स्टेप आहेत, त्यामुळे खाली सांगितलेल्या काही अडचणी तिथे उरत नाहीत. हा अनुभव पहिल्या आवृत्तीचा आहे.

बदलण्याआधी एक स्वस्त उपाय

एसआर-१६ ला मागे चार आउटपुट असतात: मेनची (मुख्य) जोडी आणि ऑक्सची (जादा) जोडी. बहुतेक जण आयुष्यभर फक्त मेन वापरतात. ड्रम सेट एडिटमध्ये जाऊन किक ऑक्सला पाठवा आणि पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) पूर्ण डावीकडे करा. स्नेअरही ऑक्सला पाठवा आणि तिचा पॅन पूर्ण उजवीकडे करा. बाकी सगळं मेनवर राहू द्या. ऑडिओ इंटरफेसला चार इनपुट असतील तर एकाच दमात किक वेगळी, स्नेअर वेगळी आणि उरलेला सेट स्टिरिओत मिळतो. गाण्यात याहून जास्त काही लागत नसेल, तर नवं मशीन घेण्याची घाई नको.

दुखणं कुठलं आहे हेही आधी तपासा. पॅड दोनदा वाजत असेल किंवा जोरात दाबल्याशिवाय वाजत नसेल, तर बहुधा रबराखालच्या कार्बनच्या टिकल्या आणि बोर्डावरचे संपर्क मळलेले असतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन हलक्या हाताने पुसा. घासू नका, कार्बन निघून येतो. मशीन चालूच होत नसेल तर अडॅप्टर बघा. एसआर-१६ ला ९ व्होल्ट एसी लागतं. घरात पडलेले ९ व्होल्टचे बहुतेक अडॅप्टर डीसी असतात, पिन बसते आणि घोटाळा होतो. बंद करून चालू केल्यावर पॅटर्न गायब होत असतील किंवा त्यात कचरा दिसत असेल, तर आतला ३ व्होल्टचा लिथियम सेल उतरलाय. मीटरवर २.७ च्या खाली आला की वाट बघू नये. सेल काढल्यावर मेमरी जाते, म्हणून आधी पॅटर्न बाहेर काढून घ्या.

जुने पॅटर्न सोडवून घेणं

या कामाला पूर्ण एक दिवस द्यावा. मागे मिडी आउट आणि थ्रू मिळून एकच सॉकेट आहे, ते मिडीच्या मेनूत ‘आउट’ वर आहे ना ते बघा. ‘थ्रू’ वर राहिलं तर संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एकही नोट येत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. घड्याळ, म्हणजे लयीचा इशारा, सॉफ्टवेअरकडून द्या, एसआर-१६ बाहेरच्या सिंकवर ठेवा आणि एकेक पॅटर्न मिडी ट्रॅकवर रेकॉर्ड करा.

इथे एक युक्ती फार उपयोगाची आहे: पॅटर्न मूळ लयीत न वाजवता ६० बीपीएमला (मिनिटाला ६० ठोके) उतरवा. पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक नोट म्हणजे तीन बाइट, म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद. किक, हॅट, क्रॅश आणि टॉम एकदम पडले तर शेवटचा आवाज पहिल्याच्या सुमारे तीन मिलिसेकंद मागे पोचतो. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, ६० ला १,००० चा. चूक तेवढीच राहते, पण ठोक्याच्या मानाने निम्मी होते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये लय वाढवली की ती चूकही सोबत आक्रसते. आधी मात्र दोन रिकामे बार सोडा, कारण बाहेरचं घड्याळ मिळाल्यावर लय स्थिरावायला क्षणभर लागतो आणि पहिलाच ठोका पुढेमागे होतो.

सगळं झालं की सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंपही (मशीनच्या मेमरीची मिडीवरून घेतलेली प्रत) एकदा घेऊन ठेवा. तो परत भरताना मशीनमध्ये सध्या जे आहे ते पुसलं जातं, एवढं लक्षात असू द्या.

आवाज उतरवताना

डिजिटॅक्ट सॅम्पल ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोमध्ये ठेवतं. म्हणजे सेकंदाला ९६,००० बाइट. एका प्रोजेक्टला ६४ एमबी मिळतात, म्हणजे साधारण ११ मिनिटं. अर्ध्या सेकंदाच्या किकला ४८ केबी लागतात, चार सेकंदांच्या क्रॅशला ३८४ केबी. ड्रमसाठी ही जागा संपत नाही. लूप भरायला लागलात तरच संपते.

खरी मेख मोनोत आहे. एसआर-१६ चे बरेच आवाज स्टिरिओ आहेत आणि काहींमध्ये रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) मुरलेलाच आहे. अशा स्नेअरची स्टिरिओ फाइल मोनो करताना डावी-उजवी बाजू एकत्र मिळवली जाते आणि दोन्हींतला फेज (लाटांचा चढ-उतार) जुळत नसेल तर आवाज पोकळ होतो. स्नेअरचा पोटातला ठसका जातो, नुसती वरची खरखर उरते. म्हणून शक्यतो कोरडा आवाज निवडा, आणि स्टिरिओच हवा असेल तर दोन्ही बाजू न मिसळता फक्त डावी घ्या. फरक कानाला लगेच कळतो.

रेकॉर्ड २४ बिटमध्ये करा, सर्वांत जोराचा ठोका –६ डीबीच्या आसपास ठेवा, १६ बिट शेवटी करा. सुरुवात कापताना लाट पूर्ण मोठी करून बघा. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल (इथे अर्थ लाटेचे एकेक मोजलेले बिंदू) म्हणजे एक मिलिसेकंद. किकच्या आधी २४० सॅम्पलची शांतता राहून गेली की ती किक प्रत्येक वेळी पाच मिलिसेकंद उशिरा पडते, आणि बेस गिटार उगाचच घाईत वाजल्यासारखी वाटते. पॅटर्नमध्ये चूक शोधत बसण्याआधी सॅम्पलची सुरुवात तपासा. शेपटी मात्र आखडून कापू नका. टॉम पूर्ण विरू द्या आणि शेवटच्या २० मिलिसेकंदांत फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर आणा.

प्रत्येक वाद्याचे तीन ठोके घ्या: जोर १२७, ९० आणि ४५. एसआर-१६ मध्ये जोर बदलला की काही आवाजांचा नुसता आवाज कमी-जास्त होत नाही, पोतही बदलतो. तो गुण नव्या मशीनमध्ये न्यायचा तर हे तीन थर लागतातच.

जोराचा प्रश्न

डिजिटॅक्टच्या १६ कळांना बोटाचा जोर कळत नाही. हळू दाबा की जोरात, ठोका तोच. बोटांनी वाजवायची सवय असलेल्याला ही उणीव पहिल्याच दिवशी खुपते आणि आठ महिन्यांनीही ती खुपायची थांबत नाही. त्याची भरपाई दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार स्टेपवरचा. स्टेपची कळ धरून ठेवायची आणि सोर्स पानावरचं सॅम्पल फिरवायचं. मग त्या एका स्टेपपुरतं दुसरं सॅम्पल वाजतं. स्नेअरच्या ट्रॅकवर ५ आणि १३ या स्टेपवर १२७ वाला थर ठेवा, मधल्या ८ आणि १० वर ४५ वाला, आणि त्या दोघांचा व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) थोडा आणखी उतरवा. ते मधले हलके ठोके किंचित मागे सरकवले की यंत्राचा ताठरपणा बराच निघून जातो. एसआर-१६ मध्ये ठोक्याचे ९६ भाग, म्हणजे १२० बीपीएमला जवळपास पाच मिलिसेकंदांची एक पायरी. इथे पायरी तेवढीच आहे, पण स्टेपगणिक सरकवता येतं आणि ते एकेका ठोक्यावर डोळ्यांसमोर दिसतं. हलक्या ठोक्यांचं काम इतकं मोकळेपणाने जुन्या मशीनवर कधीच झालं नसतं.

दुसरा प्रकार म्हणजे जुनं मशीन पॅड म्हणून ठेवणं. एसआर-१६ ची मिडी सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, नोटेनुसार वेगळी करायची आणि डिजिटॅक्टच्या ट्रॅकना त्यांच्या चॅनेलवर, १ ते ८, पाठवायची. प्रत्येक नोट ६० क्रमांकावर आणायला विसरू नका. नाहीतर सॅम्पल मूळ स्वरात न वाजता चढं-उतरं वाजतं. थोडी जुळवाजुळव आहे, पण एकदा टेम्प्लेट जतन केला की बोटांना जुने पॅड मिळतात आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर येतो. फिल वाजवायला याहून चांगली सोय या जोडीत नाही.

यूएसबीवरून वेगळे ट्रॅक

पहिल्या डिजिटॅक्टला मागे मुख्य आउटपुटची एकच जोडी आहे. वेगळे आउटपुट शोधायला गेलात तर निराश व्हाल. वेगळे ट्रॅक मिळतात ते ओव्हरब्रिजमधून, म्हणजे यूएसबी केबल आणि संगणकावरच्या ड्रायव्हरमार्फत. संगणक न वापरता थेट रेकॉर्डरवर काम करणाऱ्यांनी हे मशीन या कामासाठी घेऊ नये. त्यांच्यासाठी मागे खरे सॉकेट असलेलंच मशीन बरं.

ओव्हरब्रिज वापरताना दोन गोष्टी नेहमी चुकतात. मुख्य मिक्स आणि वेगळे ट्रॅक दोन्ही एकाच वेळी ऐकू येत असतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. एकच गोष्ट चालू ठेवा. दुसरं, मशीनचा कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज आवळून भरीव करणारा इफेक्ट) मुख्य मिक्सवर बसतो, म्हणून वेगळ्या ट्रॅकवर तो मिळत नाही. मशीनवर ऐकताना भारी वाटलेला सेट सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पातळ वाटला, तर कारण हेच. मुख्य मिक्सही एकदा वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, कधी कधी तोच जास्त चांगला असतो.

यूएसबी हबमधून जोडलं की टकटक येऊ शकते. केबल थेट संगणकाला लावा. मुख्य आउटपुट आणि यूएसबी दोन्ही एकाच संगणक-इंटरफेसच्या जोडणीत असतील आणि गुणगुण येत असेल, तर तो ग्राउंड लूप असतो, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याचा परिणाम. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण गेली की खात्री. मग बॅलन्स्ड केबल वापरा, नाहीतर फक्त यूएसबीवर काम करा.

गाणं बांधणं

इथे मात्र सवय बदलावी लागते. एसआर-१६ वर पायाने फिल देता येतो, ए वरून बी वर जाता येतं, आणि गिटार हातात असताना ते सोनं आहे. डिजिटॅक्टमध्ये गाणं लावायची सोय नंतरच्या ओएसमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) आली, म्हणून जुनं ओएस असलेलं मशीन हाती आलं तर आधी ते अद्ययावत करा. फिल वेगळा पॅटर्न म्हणून ठेवता येतो किंवा स्टेपला ‘फिल असेल तरच’ अशी अट घालता येते. अटीचा प्रकार अधिक कामाचा आहे: चार आवर्तनांतून एकदाच वाजणारा ओपन हॅट एका स्टेपवर बसवला की चारपट लांब पॅटर्न लिहावा लागत नाही. सात मात्रांचा ताल हवा तर लांबी २८ स्टेप ठेवा.

पॅटर्नवर काहीही प्रयोग करण्याआधी फंक्शन आणि यस दाबा, तो तात्पुरता जतन होतो. बिघडला तर फंक्शन आणि नो. पण प्रोजेक्ट वेगळा जतन करावा लागतो. तो न करता दुसरा प्रोजेक्ट उघडला की दिवसभराचं काम गेलं.

आठ ट्रॅक कसे पुरवायचे

ही मांडणी बऱ्याच अदलाबदलीनंतर टिकली: १ किक, २ स्नेअर, ३ हाय-हॅट, ४ राइड, ५ क्रॅश, ६ वरचा टॉम, ७ खालचा टॉम, ८ टॅम्बोरिन-शेकर वगैरे. बंद आणि उघडा हॅट मुद्दाम एकाच ट्रॅकवर ठेवले आहेत. ट्रॅक एका वेळी एकच आवाज वाजवतो, म्हणून बंद हॅट पडताच उघडा आपोआप थांबतो, खऱ्या हॅटसारखा. दोन ट्रॅकवर ठेवले तर हे हाताने जुळवावं लागतं.

हाच गुण क्रॅशला नडतो. दोन क्रॅश लागोपाठ आले की दुसरा पहिल्याची शेपटी कापतो आणि झांज हाताने दाबल्यासारखी वाटते. त्यावर सातव्या ट्रॅकचा उपयोग होतो. खालचा टॉम ज्या बारमध्ये वाजत नाही, त्या बारमध्ये त्याच ट्रॅकच्या स्टेपवर दुसऱ्या क्रॅशचं सॅम्पल लावा आणि त्या स्टेपपुरता डिके (आवाज विरायचा वेळ) वाढवा. पुढच्या टॉमच्या ठोक्याआधी निदान दोन ठोके मोकळे ठेवले, तर कापलेली शेपटी मिक्समध्ये ऐकू येत नाही.