बुजवलेली खाण, पूरबांध आणि हेक-रास: वनडी की टूडी?

चंद्रपूरकडे वर्धा आणि इरईच्या काठाने कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. अशी एखादी खाण बंद होऊन बुजवली, वर माती पसरून झाडं लावली, की पुराचा प्रश्न समोर येतो. बांध घालायचा का, आणि घालायचा तर नदीच्या काठालगत की मागे सरकून? हिशोबाला हेक-रास, म्हणजे पुराच्या पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेलं असतं, कारण ते फुकट आहे आणि सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अडतं ते वनडी की टूडी इथे. वनडीत पाणी फक्त नदीच्या लांबीने वाहतं असं धरतात; टूडीत जमिनीवर जाळी टाकून ते सगळ्या दिशांना जाऊ देतात. अशा जागेसाठी मी दोन्ही वापरलंय.

वर्धेला पूर असला की इरईचं पाणी तुंबतं, आणि त्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की चंद्रपुरात पाणी शिरतं. हा फुगवटा किती वर चढतो एवढंच पाहायचं असेल, तर वनडी मला आजही पुरेसं वाटतं. रन मिनिटांत होतो. पुलांचं गणितही तिथे जास्त मुरलेलं आहे. टूडी जाळीत पूल बसवायची सोय ६.० आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये आली.

माझं मन फिरलं ते बांधाची जागा बदलायला लागल्यावर. बांध थोडा मागे घ्या म्हटलं की वनडीत नदीचे आडवे छेद पुन्हा पाहा, बांधाचं लॅटरल स्ट्रक्चर (नदीच्या कडेचा अडथळा) पुन्हा बसवा, त्याचा वेअर गुणांक (माथ्यावरून किती पाणी सांडेल ते ठरवणारा आकडा) पुन्हा ठरवा. तेही चाललं असतं. पण बांधाच्या आतली जागा वनडीत साधारणपणे स्टोरेज एरिया, म्हणजे पाणी साठणारं एक भांडं, म्हणून धरतात, आणि तिथलं पाणी एकाच पातळीने चढतं. बुजवलेल्या खाणीत तसं होत नाही. बांधावरून आलेलं पाणी जुना हॉल रोड (डंपरचा रस्ता) पकडतं, ओबीच्या (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्याला वळसा घालतं आणि उरलेल्या खड्ड्याकडे धावतं. वाटेतला सैल भराव ते कापत जातं. जर्मनीत जुलै २०२१ मध्ये इंडे नदीचं पाणी इंडेनच्या चालू कोळसा खाणीत घुसलं, तेव्हा एका कामगाराचा जीव गेला. पाणी कुठल्या वाटेने जाईल हाच आपला प्रश्न असतो, आणि वनडीत ती वाट आपणच आधी आखून द्यावी लागते.

टूडीत बांधाची रेघ सरकवायची, भूरूपात (जमिनीच्या उंचीच्या नकाशात) माथ्याची उंची द्यायची, पुन्हा रन. वेळ जास्त लागतो, हे खरं. ब्रेकलाइन (जाळीच्या कडा जिच्यावर बसवतात ती रेघ) बरोबर माथ्यावर नसेल, तर जाळीचा एकच सेल (चौकोन) बांधाच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि माथा कोरडा असतानाच मागे पाणी दिसतं. प्रत्येक रननंतर बांधाच्या कडेकडेने झूम करून हे तपासायची सवय मी लावून घेतलीय. अवकाशातून मोजलेल्या भूरूपावरही विसंबू नका. एसआरटीएम या फुकट मिळणाऱ्या भूरूपाची मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे. त्यानंतर खणलेली आणि बुजवलेली खाण त्यात असणारच नाही. ड्रोन सर्व्हेचा खर्च धरूनच चला.

नुसती पूररेषा हवी असेल आणि जमिनीची मोजणी तुटपुंजी असेल, तर वनडी करा, मी अडवणार नाही. पण बांधाच्या दोन-तीन जागांमधून एक निवडायची असेल, समोरच्या काठावर गाव असेल, तर मी टूडीच घेईन. बांध भरावावर येणार असेल, तर माथा थोडा खचलेला धरून एक जादा रन नक्की करा. टूडीत त्यासाठी माथ्याची उंची बदलली की काम होतं.