फॅन मेळाव्याची राखण: फीत, गस्त की नोंदवही?

दोन-चारशे जणांचा अ‍ॅनिमे (जपानी कार्टूनपट) किंवा कॉस्प्लेचा (आवडत्या पात्राचा पोशाख करून येण्याचा) मेळावा भरवायचा म्हटलं की हॉल, साउंड, स्टॉल आणि तिकिटं यांचं पहिल्याच बैठकीत ठरतं. कोणी कोणाला त्रास दिला तर काय, हा विषय निघतो शेवटच्या आठवड्यात, आणि चार दणकट पोरं दारात उभी करू म्हणून मिटवलाही जातो. हा आढावा अशा संयोजकांसाठी आहे. अमेरिकेतल्या फॅन मंडळींनी या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच उपाय करून पाहिले. तिथले जुने मेळावे बहुतेक हौशी लोकच चालवतात, पगारी माणूस क्वचित. त्यामुळे तिथे काय टिकलं आणि काय फसलं, हे आपल्याकडच्या हौशी गटांना थेट उपयोगी पडतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. पैसा आणि माणसं कमी असतील तर आधी तक्रार लिहून घेणारं आणि तिच्यावर निर्णय देणारं छोटं पथक उभं करा. बाकी सगळं त्यानंतर.

ओळखपत्राखालची फीत

२००८ मध्ये अमेरिकेतल्या काही फॅन मंडळींनी एक प्रकार मोठ्या कौतुकाने मांडला: मेळाव्यात बायकांच्या अंगाला हात लावू का, असं विचारत फिरायचं आणि त्याला मोकळेपणा म्हणायचं. त्यावर रान उठलं. उत्तर म्हणून बायकांनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहण्याची मोहीम काढली, आणि पुढे त्याच विचारातून ‘बॅकअप रिबन’ आली. ओळखपत्राखाली एक फीत चिकटवायची. तिचा अर्थ एवढाच की तुम्हाला कोणी त्रास देत असेल तर मला हाक मारा, मी तुमच्याजवळ येऊन उभी राहीन.

या उपायाला खर्च जवळजवळ नाही. एकटीने पहिल्यांदा आलेल्या मुलीला गर्दीत एक तरी विश्वासाचा चेहरा दिसतो, आणि ते छोटं काम नाही. पण फीत कोणीही लावू शकतो. ज्याच्यापासून जपायचं तोही लावू शकतो, आणि मग ती फीतच त्याला जवळ जायचा परवाना होते. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. शिवाय फीत लावणाऱ्याला ना प्रशिक्षण, ना अधिकार. ती मुलगी त्या क्षणी सुटते. त्रास देणारा मात्र पुढच्या दालनात जातो आणि त्याच्याबद्दल कुठेही एक ओळ लिहिली जात नाही.

तुमचा गट वीस-पंचवीस जणांचा असेल, सगळे एकमेकांना ओळखत असतील, तर हे चालेल. तिकीट विकून अनोळखी माणसं आत घेणार असाल तर फक्त फितीवर विसंबू नका.

गस्त

दुसरा मार्ग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो. याचं जुनं उदाहरण म्हणजे डॉर्साय इरेग्युलर्स. लेखक रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांनी १९७४ मध्ये हा गट बांधला. ही फॅन मंडळींचीच माणसं. दरवाजे सांभाळणं, चित्रप्रदर्शनाची राखण करणं, रात्री उशिरा हॉटेलच्या मजल्यांवर फिरणं ही त्यांची कामं. मिनेसोटातल्या कन्व्हर्जन्स या मेळाव्याने थोडा मवाळ प्रकार काढला. तिथले ‘वाँडरिंग होस्ट’ म्हणजे फिरते यजमान. रस्ता सांगतात, पाणी प्यायला लावतात, आणि काही बिनसतंय असं दिसलं की वर कळवतात. मला हा दुसरा प्रकार जास्त पटतो, कारण यजमानाकडे माणूस सहज जातो. पहारेकऱ्याकडे जायला आधी काहीतरी घडावं लागतं.

आपल्याकडे या कामाची माणसं तयारच असतात. ज्याने विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरलाय, त्याला गर्दी कुठे तुंबणार हे वेगळं शिकवावं लागत नाही. हरवलेलं मूल, दारू पिऊन आलेला पाहुणा, परवानगी न घेता कॉस्प्लेअरच्या मागून फोटो काढणारा, या सगळ्यांवर गस्त चांगली चालते.

पण गस्त पाहते ती उघड्यावर घडणारी गोष्ट, आणि तीही अनोळखी माणसाची. सगळ्यात जास्त नुकसान करणारी माणसं बऱ्याचदा आतली असतात. अटलांटाच्या ड्रॅगन कॉनचं उदाहरण प्रत्येक संयोजकाने लक्षात ठेवावं. त्याच्या एका सहसंस्थापकाला २००० मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली. मेळाव्याच्या कामातून तो बाजूला झाला, पण त्याचा हिस्सा कायम राहिला. २०१३ मध्ये नवी कंपनी करून त्याला पूर्णपणे बाहेर काढेपर्यंत तेरा वर्षं गेली. तेवढी वर्षं दारावर कितीही स्वयंसेवक उभे असले तरी त्यांच्या हातात काय होतं?

गस्तीचा आणखी एक धोका सांगायलाच हवा. वॉकी-टॉकी आणि रंगीत टी-शर्ट मिळाला की काहींना अधिकाराची चटक लागते. अशा माणसाकडे तक्रार गेली की तो आधी उलटतपासणी घेतो: तू हे कपडे का घातले होतेस, एवढ्या रात्री तिथे काय करत होतीस. म्हणून माझं ठाम म्हणणं असं: गस्त घालणाऱ्याने चौकशी करायचीच नाही. त्याने त्या व्यक्तीला शांत जागी न्यायचं, सोबत थांबायचं आणि पथकाला बोलवायचं.

आणि जिथे खरोखर शस्त्राची, हल्ल्याची भीती आहे तिथे स्वयंसेवकांना पुढे करू नका. डेन्व्हरचा एक फरी मेळावा, म्हणजे माणसांसारख्या वागणाऱ्या प्राणी-पात्रांच्या चाहत्यांचा मेळावा, २०१७ मध्ये रद्दच करावा लागला. धमक्यांच्या पार्श्वभूमीवर पोलीस बंदोबस्ताचा वाढलेला खर्च झेपेना, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. रद्द केल्याचं दुःख खरं होतं, पण त्या प्रसंगी हौशी पोरांना दारात उभं करणं जास्त वाईट ठरलं असतं.

तक्रार-पथक आणि नोंदवही

बाकीच्या उपायांची खरी परीक्षा इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

मॅसॅच्युसेट्समधल्या रीडरकॉन या साहित्यप्रेमींच्या मेळाव्याचा नियम स्पष्ट होता: छळ केला तर कायमची बंदी. २०१२ मध्ये एका लेखिकेने तक्रार केली, चौकशी झाली, तक्रार खरी ठरली. आणि तरी मंडळाने दोन वर्षांचीच बंदी दिली, कारण त्या माणसाला मनापासून पश्चात्ताप झालाय असं त्यांना वाटलं. माणूस फॅन वर्तुळात मान असलेला होता. मोठा गदारोळ झाला. काही आठवड्यांत मेळाव्याच्या समितीने निर्णय फिरवून कायमची बंदी घातली, माफी मागितली आणि संपूर्ण मंडळाने राजीनामा दिला. नियम कागदावर असूनही तो पाळणारे हात ओळखीपाळखीत अडकले की असं होतं.

विस्कॉनची गोष्ट मला याहून जास्त लागते. विस्कॉन म्हणजे मॅडिसन शहरात १९७७ पासून भरलेला स्त्रीवादी विज्ञानकथांचा मेळावा. इथे तरी बायकांचं ऐकलं जाईल असं कोणालाही वाटेल. २०१३ मध्ये तिथे एका नावाजलेल्या संपादकाविरुद्ध रीतसर तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षी तोच माणूस मेळाव्याला आला, आणि आला तो स्वयंसेवक म्हणून काम करत. आधीच्या वर्षीच्या तक्रारींचे कागद पुढच्या वर्षीच्या माणसांपर्यंत नीट पोचलेच नव्हते. कोणाच्या मनात पाप होतं असं नाही. दरवर्षी माणसं बदलतात आणि आठवण त्यांच्याबरोबर जाते. त्यानंतर आधी चार वर्षांची बंदी जाहीर झाली, आणि पुन्हा रोष झाल्यावर ती कायमची केली गेली.

या दोन्ही ठिकाणी लोक चांगले होते. एका ठिकाणी निर्णय घेणाऱ्यांच्या स्नेहसंबंधांनी घात केला, दुसऱ्या ठिकाणी कागद जपण्याची व्यवस्था नव्हती. तुमचं पथक बांधताना याच दोन भोकांना आधी बूच लावा.

अशा निर्णयांनी गट फुटतो ही भीतीही खरीच आहे. १९६४ साली ओकलंडला भरलेल्या वर्ल्डकॉनच्या, म्हणजे विज्ञानकथा-चाहत्यांच्या जागतिक मेळाव्याच्या, समितीने वॉल्टर ब्रीन या प्रसिद्ध नाणेतज्ज्ञाला मुलांशी केलेल्या वागणुकीमुळे मेळाव्यात येऊ दिलं नाही. फॅन मंडळींत उभी फूट पडली. आरोप करणाऱ्यांनाच अनेकांनी दोषी ठरवलं. पुढे मुलांवरील अत्याचारासाठी ब्रीन तुरुंगात गेला आणि १९९३ मध्ये कैदेतच वारला. ज्या समितीने तेव्हा शिव्या खाल्ल्या तिने काही मुलांना तरी वाचवलं असेल, असं मी मानते.

पथक तीन माणसांचं पुरतं; दोन तरी बायका असाव्यात. कोणा एकाची तक्रारीतल्या व्यक्तीशी मैत्री, नातं किंवा धंद्याचा संबंध असेल तर त्याने त्या प्रकरणातून उठायचं, आणि त्याच्या जागी कोण बसणार हे मेळाव्याच्या आधीच ठरलेलं असावं. तक्रार करणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यायची, तारीख-वेळ-जागा घालायची, वाचून दाखवायची. बंदी किती काळाची, हे नियमात लिहिलं असेल तर तेवढीच. पश्चात्ताप दिसला म्हणून सूट नाही. नोंदवही एका माणसाच्या फोनमध्ये ठेवू नका. दोघांकडे, कुलपात किंवा पासवर्डखाली असू द्या.

पाटी आणि कंपनी

मोठ्या मेळाव्यांचा रस्ता वेगळा. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गीक्स फॉर कन्सेंट’ या स्वयंसेवी गटाने सॅन डिएगो कॉमिक-कॉनकडे सविस्तर धोरण, ठळक पाट्या आणि स्वयंसेवकांचं प्रशिक्षण मागितलं. अडीच हजारांहून जास्त सह्या जमल्या. संयोजकांचं म्हणणं पडलं की आमची आचारसंहिता पुरेशी आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्क कॉमिक कॉनने मात्र प्रवेशद्वारापाशीच भल्यामोठ्या पाट्या उभ्या केल्या: कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे. दीड लाखाच्या गर्दीत प्रत्येकाला ती ओलांडूनच आत जावं लागलं.

पाटी नवख्याला नियम सांगते आणि त्रास सोसणारीला तुझं चुकलं नाही असं सांगते. दोन्ही मोलाचं. मुंबईच्या कॉमिक कॉनसारख्या तिकिटाच्या मेळाव्याला तुम्ही नुसते प्रेक्षक म्हणून जाणार असाल, तर तुमच्या हातात एवढंच आहे: आत शिरताना पाटी दिसते का, तिच्यावर फोन नंबर आहे का, आणि दिसेल त्या स्वयंसेवकाला विचारून पाहा की तक्रार कोणाकडे करायची. त्याला उत्तर आलं नाही तर आपल्या गटाने एकत्रच फिरावं.

आपल्या कायद्यात काय वेगळं

अमेरिकेतला नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथे मेळाव्याची समिती बरंच काही आपल्या पातळीवर मिटवू शकते. आपल्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. आई-बाप नको म्हणाले तरी. कॉस्प्लेच्या मेळाव्यांत शाळकरी मुलं भरपूर असतात, तेव्हा हे प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ हवं. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आणीबाणीसाठी) हे नंबर ओळखपत्राच्या मागे छापा.

प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत पोलिसांत जायचं की नाही हे तिने ठरवायचं. भारतीय न्याय संहितेत विनयभंग कलम ७४, लैंगिक छळ ७५, चोरून पाहणं किंवा खासगी चित्रण ७७ आणि पाठलाग ७८ मध्ये आहे. पथकाने तिला हे सांगावं, सोबत जायची तयारी दाखवावी, पण ढकलू नये. मेळावा कंपनी भरवत असेल तर २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या छळविरोधी कायद्याकडेही पाहा. त्यात तक्रार करणारी बाई तिथे नोकरीलाच असली पाहिजे असं नाही.

आणि बंदी घातलेल्यांची यादी चारचौघांत फिरवू नका. बदनामीचा फौजदारी गुन्हा आपल्याकडे अजून आहे, आणि त्याची नोटीस आधी येते ती तक्रार करणाऱ्या मुलीला. दुसऱ्या संयोजकाने थेट विचारलं तर पथकातल्या एकाने, नोंदवही समोर ठेवून, जेवढं लिहिलंय तेवढंच सांगावं.

मग कोणी काय घ्यावं

पन्नासच्या आतला ओळखीचा गट: फीत आणि तक्रार कोणाकडे जाईल ते एक नाव. दोनशे ते पाचशे: तीन जणांचं पथक, सहा-आठ फिरते यजमान, दारात एक मोठी मराठी पाटी. हजाराच्या वर गेलात, किंवा धमकी आली, तर पगारी सुरक्षा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी पत्र. स्वयंसेवकांकडे मग सोबतीचं आणि कळवण्याचं काम राहतं. पैसे अपुरे पडले तर कात्री पहिल्यांदा पाहुण्या कलाकाराच्या मानधनाला लावा.

मेळावा आटोपल्यावर आठवडाभरात पथकाने बसून प्रत्येक नोंदीपुढे काय निर्णय झाला ते लिहावं आणि वही पुढच्या वर्षीच्या दोघांच्या ताब्यात सहीनिशी द्यावी. पुढच्या वर्षी स्वयंसेवकांचे अर्ज आले की पहिलं काम हे: प्रत्येक नाव त्या वहीशी ताडून पाहणं, आणि ते झाल्याशिवाय एकही टी-शर्ट न वाटणं.