भरल्या घराचे सामान लिलावाला देताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातील जुन्या घरातून पर्वरीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना आम्ही पती-पत्नींनी घरातील बहुतेक सामान एका लिलाव संस्थेकडे सोपवले. करार गेल्या उन्हाळ्यात झाला आणि शेवटचा हिशेब आता हाती आला आहे. सेवा एकंदरीत उपयोगी पडली, पैसे बुडाले नाहीत आणि माणसेही सौजन्याने वागली, हे आधीच सांगून टाकतो. तरीही ज्या कामासाठी आम्ही त्यांना बोलावले ते काम आणि ज्या कामातून त्यांना पैसा मिळतो ते काम वेगवेगळे आहे. आम्हाला घर रिकामे करून हवे होते आणि त्यांना विकण्याजोग्या वस्तू हव्या होत्या. या सेवेत जे भावले आणि जे खटकले ते बहुतेक या फरकातूनच आलेले आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण टक्केवारीवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेकडे थोड्याफार फरकाने हेच अनुभवास येईल असे माझे मत आहे.

घर आता पुतण्याच्या ताब्यात गेले असून तो त्याची डागडुजी करणार आहे. मुलगी पुण्यात आणि मुलगा परदेशात. दोघांनीही फोनवरून सांगितले की आम्हाला फारसे काही नको, तुम्हाला सोयीचे वाटेल ते करा. राजांगणाभोवतीच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाभोवतीच्या खोल्यांत तीन पिढ्यांचे सामान होते : शिसवी कपाटे, वेताच्या विणीच्या खुर्च्या, बारा माणसांचे जेवणाचे मेज, न्हाणीत पाणी तापवायचे तांब्याचे भाण, माळ्यावरची पितळेची भांडी, वडिलांची कायद्याची पोर्तुगीज पुस्तके, आणि एका डब्यात पोर्तुगीज राजवटीतील रुपियाच्या काळातील व त्यानंतर १९५८ साली सुरू झालेल्या एस्कुदोच्या काळातील नाणी. लिलाव ही गोष्ट गोमंतकीय घरांना तशी परकी नाही. आपल्याकडे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताची मालमत्ता वाटण्याच्या दाव्यात वारसच आपसांत बोली लावून वस्तू उचलतात, आणि ज्याची बोली त्याच्या वाट्यापेक्षा जास्त होते तो इतरांना फरकाची रक्कम देतो. वडिलांच्या पश्चात आमच्याकडे तसेच झाले होते, त्यामुळे कोणती वस्तू कोणाची हे कागदावर स्पष्ट होते. संस्थेने पहिल्याच भेटीत हा कागद मागितला आणि विक्रीच्या संमतिपत्रावर माझ्याबरोबर पत्नीचीही सही घेतली. त्यांची ही दक्षता मला मनापासून आवडली.

पाहणीचे काम खरोखर चांगले झाले. आलेला तरुण वस्तूंचे कौतुक करण्यात वेळ न घालवता त्या उलट्या करून पाहत असे. खुर्चीचे बूड वर करून, न रंगवलेल्या जागी नखाने खरवडून, हे सागवान आणि हे फणस असे तो सांगत होता. पितळेच्या प्रत्येक भांड्याला तो लोहचुंबक लावून बघे, आणि ज्याला चुंबक चिकटला ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी भांडे म्हणून बाजूला काढी. चिनी मातीच्या बश्यांच्या तळाचे शिक्के त्याने भिंगातून वाचले. ज्या कपाटाला आम्ही पणजोबांचे म्हणत आलो त्याच्या मागच्या फळीवर यंत्राच्या करवतीचे समांतर ओरखडे दाखवून, ते घराण्याच्या समजुतीइतके जुने नसावे, हे त्याने नम्रपणे पण न कचरता सांगितले. पत्नीला ते रुचले नाही. मला मात्र किंमत फुगवून काम मिळवण्यापेक्षा हे बरे वाटले.

कायद्याच्या बाबतीतही संस्था सावध होती. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते; त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, मूर्ती आणि चित्रे यांसारख्या काही वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देवघरातील पंचधातूची मूर्ती आम्ही देणार नव्हतोच, परंतु तिची नोंदणी झाली आहे का हे त्यांनीच विचारले. दारावर टांगलेल्या गव्याच्या शिंगांना त्यांनी हातही लावला नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तूंची विक्री करता येत नाही, मालकीचा दाखला असला तरीही नाही. शिसवी सामानाबद्दल त्यांनी सांगितले की शिसवाच्या जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणून परदेशी गिऱ्हाईक आले तर कागदपत्रांवाचून माल पाठवला जाणार नाही. जुन्या बाजारातील एका दलालाने यापूर्वी शिंगांसकट सगळे उचलून नेण्याची तयारी दाखवली होती. त्या तुलनेत ही मंडळी कितीतरी जबाबदार ठरली.

करार मात्र वाचताना डोळ्यांत तेल घालून वाचावा असा होता. उभी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेल्यामुळे मला त्याचा कंटाळा नाही, पण सर्वसाधारण सत्तरीतला माणूस बारीक अक्षरांतील आठ पाने वाचणार नाही. मोठ्या किमतीच्या वस्तूंवर कमी टक्के आणि किरकोळ वस्तूंवर जास्त टक्के दलाली, दलालीवर अठरा टक्के जीएसटी, शिवाय वाहतूक, छायाचित्रे आणि गोदामाचे भाडे वेगळे. खरेदीदाराकडूनही अधिभार घेतला जातो, म्हणजे संस्था दोन्ही बाजूंनी कमावते. त्याला माझा आक्षेप नाही, सगळीकडे तसेच चालते. आक्षेप दोन कलमांना होता. पहिले कलम राखीव किमतीचे, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही त्या किमान किमतीचे होते : ती ठरवण्याचा अधिकार संस्थेने स्वतःकडे ठेवला होता. दुसरे न विकल्या गेलेल्या मालाचे होते : ठरावीक मुदतीत तो आम्ही परत नेला नाही, तर संस्था त्याची ‘योग्य ती विल्हेवाट’ लावणार आणि खर्च आमच्या हिशेबात टाकणार. मोठे घर सोडून लहान फ्लॅटमध्ये आलेला माणूस बारा माणसांचे मेज परत नेऊन ठेवणार कोठे? पहिले कलम मी बदलून घेतले. दुसऱ्यात मुदत वाढवून मिळाली, पण खर्चाचा बोजा आमच्याकडेच राहिला.

विक्री घरातच मांडावी की ऑनलाइन करावी, यावर थोडी चर्चा झाली. अमेरिकेत घरातच दोन-तीन दिवस सामानाला किमतीच्या चिठ्ठ्या लावून विक्री होते आणि शेवटच्या दिवशी भाव उतरवतात. आपल्या गावात असे काही केले असते तर खरेदीला चार माणसे आणि बघायला अख्खा वाडा आला असता, आणि ‘यांच्यावर घर विकायची पाळी आली’ ही बातमी संध्याकाळच्या आरतीपर्यंत म्हार्दोळच्या देवळात पोहोचली असती. संस्थेने हे न सांगता ओळखले. फक्त वेळ घेऊन येणाऱ्यांनाच वस्तू दाखवायच्या आणि बोली इंटरनेटवर लावायची, असे ठरले.

यादी तयार झाल्यावर लिलावाचे पान आम्हाला आगाऊ पाहायला मिळाले, आणि या पायरीवर घरच्या माणसाने बसणे किती गरजेचे आहे ते कळले. छायाचित्रे उत्तम होती. वर्णने करणारा कोणी बाहेरगावचा असावा. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीची चौकट ‘जुनी लाकडी चौकट, उपयोग अज्ञात, सजावटीस योग्य’ अशा नावाने लॉटमध्ये गेली होती. पत्नीने ती तत्काळ काढून घ्यायला लावली आणि ती आता पुतण्याकडे आहे, कारण चतुर्थी यापुढेही त्याच घरात होणार. भाणाला ‘फुलझाडाची मोठी कुंडी’ म्हटले होते. ते आम्ही बदलायला सांगितले, पण संस्थेने आग्रहाने ठेवले आणि विकत घेणाऱ्याने त्यात खरोखरच झाड लावले असल्याचे छायाचित्र नंतर पाहायला मिळाले. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने त्यांचेच खरे होते.

लिलावाचे निकाल आमच्या अपेक्षेच्या बहुतेक उलटे लागले. लांब हातांची आरामखुर्ची, जिला आपल्याकडे व्होल्तेर म्हणतात, तिच्यावर शेवटच्या मिनिटांत चढाओढ झाली आणि वेळ वाढत वाढत गेली. बार्देशातील जुनी घरे घेऊन ती सजवणाऱ्या दिल्ली-मुंबईच्या लोकांना या खुर्च्या हव्या असतात, असे संस्थेचे म्हणणे होते आणि बोली लावणाऱ्यांचे पत्ते पाहता ते पटण्यासारखे होते. वाल्व्हचा जुना रेडिओ बंद असूनही चांगल्या भावाला गेला. याउलट ज्या मेजावर घराण्याच्या पंगती उठल्या त्याला एकही बोली आली नाही, कारण एवढे मेज मावेल अशी जेवणाची खोली आज कोणाकडे नाही. पितळ जवळजवळ मोडीच्या भावाने गेले. पोलादी कपाटे, वाटणाचा दगडी रगडा, कापसाच्या गाद्या आणि काचेची भांडी यांना तर लिलावात घेतलेच नव्हते.

संस्थेच्या कामातील खरी उणीव इथे दिसली. ज्या वस्तूंवर दलाली सुटते त्यांच्यासाठी माणसे, गाडी, वेष्टन सगळे वेळेवर हजर असे, पण ज्यांच्यावर काही सुटत नाही त्या उरलेल्या ढिगासाठी फोन उचलायलाही वेळ लागे. ‘संपूर्ण घर रिकामे करून देऊ’ हे त्यांच्या माहितीपत्रकातले वाक्य होते. करारात ते ‘शक्य तितके’ झाले होते. शेवटी गाद्या आणि मोडके सामान पंचायतीच्या कचरा व्यवस्थेतून, पुस्तकांपैकी बांधणीची पुस्तके गावच्या वाचनालयात आणि उरलेली रद्दीत, असे पुतण्याने व शेजारच्या मुलांनी मार्गी लावले. रगडा अजून परसात आहे. एवढे सगळे आम्हालाच करायचे होते तर त्याचा अंदाज आधी द्यायला हवा होता, एवढीच माझी अपेक्षा आहे.

अमेरिकेत या अडचणीवर वेगळा तोडगा निघाला आहे. वृद्धांचे घर हलवून देण्याचे काम तिथे लिलावापासून वेगळा व्यवसाय म्हणून केले जाते आणि २००२ पासून अशा व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटनाही आहे. ते सहसा तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, त्यामुळे शिसवी कपाट आणि फाटकी गादी यांच्याकडे सारख्याच लक्षाने पाहणे त्यांना परवडते. विक्रीपुरते ते लिलाववाल्यांना बोलावतात. आपल्याकडे एकच संस्था दोन्ही कामे टक्केवारीवर करू पाहते, आणि टक्केवारीला रगडा दिसत नाही. अशा संस्थेने उरलेल्या सामानासाठी ठोक रक्कम वेगळी सांगावी. ती द्यायला आमच्यासारखे अनेक लोक तयार होतील.

वागणुकीविषयी एक गोष्ट नोंदवतो. सुरुवातीला सारे संदेश मुलाला जात होते, कारण तो इंग्रजीतून झटपट उत्तरे देतो. मालक आम्ही, घर आमचे, आणि कोणती समई ठेवायची हे परदेशातून ठरणार, हा प्रकार पत्नीने एका फोनमध्ये थांबवला. त्यानंतर संस्थेत काम करणारी एक मुलगी दर खेपेला पत्नीशेजारी बसून वस्तू हातात देत, ‘काकी, ही ठेवायची की द्यायची?’ असे विचारून तीन टोपल्या करत असे. तिसरी टोपली ‘अजून ठरले नाही’ची होती आणि तिच्यासाठी तिने कधी घाई केली नाही. चांदीची लहान भांडी, लग्नातला रुखवताचा डबा, मुलांची प्रगतिपुस्तके अशा वस्तू या टोपलीत अनेक दिवस राहिल्या. करारात अशा वेळेचे पैसे नव्हते. पूर्ण व्यवहारात मला सर्वांत मोलाची वाटलेली सेवा हीच, आणि तिचे श्रेय संस्थेच्या नियमांपेक्षा त्या मुलीलाच दिले पाहिजे.

पावसाळ्याबद्दल ज्यांना सामान द्यायचे आहे त्यांनी विशेष लक्ष ठेवावे. आमचा दुसरा लॉट मृग लागल्यावरही गोदामात होता. तेथील दमटपणाने वेताच्या दोन खुर्च्यांना बुरशी धरली आणि एका टेबलाचे खण फुगून अडकले. भरपाईची मागणी केली तेव्हा ‘नैसर्गिक झीज’ हे कलम दाखवण्यात आले. बराच पत्रव्यवहार झाल्यावर गोदामाचे भाडे तेवढे माफ झाले. गोव्यात लाकडी सामान विकायचे तर लिलाव मेअखेर आटोपला पाहिजे, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबावे.

पैसे करारातील मुदतीपेक्षा उशिरा, पण पूर्ण आले. हिशेबपत्रात सर्व रक्कम एकत्र दाखवली होती, ती मी वेगळी करून मागितली. घरगुती वापराचे फर्निचर आणि भांडी आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत, मात्र दागिने, चित्रे, शिल्पे आणि कलावस्तू मोडतात, आणि आमच्या यादीत दोन जुनी तैलचित्रे होती. वेगळा हिशेब मिळाल्यावर सनदी लेखापालाचे काम सोपे झाले. विकल्या न गेलेल्या मेजाची मुदत संपण्यापूर्वी गावच्या भजनी मंडळाने ते नेले, त्यामुळे विल्हेवाटीचा खर्च आमच्या हिशेबात आला नाही. माशेलचे एक निवृत्त शिक्षक अशाच स्थलांतराच्या तयारीत आहेत. त्यांनी संस्थेचा नंबर मागितला तेव्हा मी तो दिला आणि सोबत आमच्या कराराची प्रत दिली, राखीव किमतीचे कलम आणि ‘शक्य तितके’ हे दोन शब्द लाल शाईने खोडून.