राजारामपुरीतली नेटची रविवारची बॅच : प्रोटीनच्या शेपट्यांचा तास

लाइफ सायन्सेसच्या नेट-सेटसाठी (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका शिकवणीला मी इचलकरंजीहून दर रविवारी येते. सकाळची एसटी धरताना जीव जातो, पण तास बुडवायची इच्छा होत नाही. लिपिड मॉडिफिकेशनच्या, म्हणजे प्रोटीनला स्निग्ध शेपट्या जोडण्याच्या, तासाबद्दल मुद्दाम लिहितेय, कारण हा भाग बहुतेक ठिकाणी तक्ता पाठ करायला देऊन उरकतात.

इथे सरांनी तक्ता दिलाच नाही. फळ्यावर पेशीपटलाचे दोन थर काढले, खाली एक प्रोटीन काढलं आणि विचारलं, "पाण्यात सुखानं राहणारं हे प्रोटीन पटलाला धरून राहील कसं?" मग एकेक शेपूट जोडत गेले. पहिली शेपूट मायरिस्टेट, 14 कार्बनचं मेदाम्ल. सुरुवातीचं मिथिओनिन निघालं की उघड्या पडलेल्या ग्लायसिनवर बसतं, तेही बहुधा प्रोटीन रायबोसोमवर तयार होत असतानाच. "एवढ्यावर भागेल?" वर्ग गप्प. नाही भागत. एकट्या मायरिस्टेटची पकड सैल असते. म्हणून सार्क (Src) नावाच्या प्रोटीनला शेजारच्या धनभारित अमिनो आम्लांची साथ लागते, कारण पटलाची आतली बाजू ऋणभारित असते.

रासवर, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रोटीनवर, सर खरे रंगले. शेवटाजवळच्या सिस्टीनवर 15 कार्बनचा फार्नेसिल हा लिपिड गट बसतो, पुढची तीन अमिनो आम्लं छाटली जातात. एच-रास या प्रकाराला त्यावर दोन पामिटेट (हेही मेदाम्लच) मिळतात. ते थायोएस्टर बंधानं जोडलेले, म्हणून काढता येतात आणि प्रोटीन पेशीतलं गॉल्जी ते पेशीचं बाहेरचं पटल अशी ये-जा करतं. के-रास 4बी हा दुसरा प्रकार पामिटेटऐवजी धनभारित लायसिनच्या रांगेवर भागवतो. फार्नेसिल रोखणारी औषधं के-रासच्या कॅन्सरवर का फसली, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं: फार्नेसिल नाही मिळाला तर के-रास 20 कार्बनचा जेरानिलजेरानिल लावून घेतं. त्याच गटातलं लोनाफार्निब 2020 मध्ये अमेरिकेत प्रोजेरियासाठी (मुलांमधला अकाली वार्धक्याचा आजार) मंजूर झालं, हेही सरांनी सांगितलं.

नोट्स मात्र सुधारा. झेरॉक्स इतकी फिकट की थायोएस्टर (पामिटेटचा बंध) आणि थायोइथर (फार्नेसिलचा बंध) यांतला फरक आकृतीत दिसतच नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. पटलाच्या बाहेरच्या थरात प्रोटीनला धरून ठेवणारा जीपीआय अँकरही शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळला.

बायोकेमिस्ट्रीचा पाया असलेल्यांनी डोळे झाकून प्रवेश घ्यावा. बॉटनी-झूलॉजीवाल्यांनी आधी लिपिडचं प्रकरण वाचून यावं. सर थांबतात, पण मागे वळून पहिल्यापासून शिकवत नाहीत.