दाढ वाचवायची की काढायची? रूट कॅनॉल आणि दात काढणे यांचा तुलनात्मक आढावा

रात्री आडवे झाले की दाढेचा ठणका वाढतो, लवंग दाबून धरली तरी तासाभराने पुन्हा सणक उठते, आणि सकाळी दंतवैद्य एक्स-रे दाखवून विचारतात, "रूट कॅनॉल करून दाढ ठेवायची, की काढून टाकायची?" वेदनेने हैराण झालेल्या माणसाला त्याच वेळी दोन आकडे सांगितले जातात. काढण्याचा आकडा रूट कॅनॉलच्या मानाने इतका लहान असतो की पुष्कळांचा निर्णय तिथल्या तिथे होऊन जातो. ही तुलना अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या आतला सुजलेला किंवा मेलेला गर काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरणे; त्याचे उरलेले अर्धे काम म्हणजे वरची कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचे टोपण, आणि दात काढण्याचे उरलेले अर्धे काम म्हणजे रिकाम्या जागेचे काय करायचे ते. ही दोन्ही कामे हिशेबात धरल्याखेरीज कोणता मार्ग स्वस्त, कोणता सोपा आणि कोणता टिकाऊ हे ठरवता येत नाही.

उदाहरणासाठी खालची पहिली मोठी दाढ घेऊ, कारण हा प्रश्न बहुधा तिच्याच बाबतीत उभा राहतो. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा कोणताही दात न पडता, ती शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. त्यामुळे अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि तिला कीड लागली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ती कायमची असते, भाकरी आणि शेंगदाणे चावण्याचा मोठा भार आयुष्यभर तिच्यावर असतो, आणि तिच्या जागी दुसरी दाढ कधीच येत नाही.

कीड हा शब्द आपण सहज वापरतो, पण दातात किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल आधी वरचे कठीण इनॅमल, मग त्याखालचा मऊ थर पोखरत जाते. त्याच्या आत नसा आणि रक्तवाहिन्या असलेला गर असतो. शरीरात इतरत्र सूज आली की तिला पसरायला जागा मिळते. या गराभोवती मात्र चारही बाजूंनी टणक भिंती असतात, म्हणून सूज आली की दाब वाढतो, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढला की तो दाब अधिकच जाणवतो. थंड पाणी लागल्यावर दात क्षणभर शिवशिवून लगेच थांबत असेल, तर गर सावरण्याची शक्यता असते आणि साधे सिमेंट भरून काम भागू शकते. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल किंवा झोपेतून उठवत असेल, तर तो गर सहसा परत पूर्ववत होत नाही. काही दातांत, विशेषतः लहान वयात, फक्त वरचा सुजलेला गर काढून मुळांमधला गर जिवंत ठेवण्याचा उपचारही करता येतो. आपल्या दाताला तो लागू आहे का, हे विचारून घ्यावे.

इथे एका फसव्या टप्प्याची नोंद करायला हवी. कित्येकदा आठ दिवस असह्य दुखणारी दाढ एका सकाळी एकदम शांत होते आणि माणूस दंतवैद्याकडे जाण्याचे रद्द करतो. बहुतेक वेळा तेव्हा आतला गर मेलेला असतो. जंतुसंसर्ग मग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुटकुळी येते, नाही तर गाल सुजतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांच्या गोळ्या आणून घेण्याने मूळ काम होत नाही, कारण मेलेल्या गरात रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर डॉक्टर प्रतिजैविके देतात, पण तीही मूळ उपचाराच्या जोडीने. दुखऱ्या जागी तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवण्याची सवय आपल्याकडे अजून दिसते. तिने हिरडीची आणि तोंडाची हानी होते, आतली कीड मात्र तशीच राहते.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. खालच्या दाढेसाठी भूल जबड्याच्या मागच्या भागात इंजेक्शनने दिली जाते आणि काही मिनिटांत अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू बधिर होते. भूल देण्याची ही रीत दोन्ही मार्गांत एकच आहे, त्यामुळे "रूट कॅनॉल फार दुखते, काढणे बरे" या समजाला आधार नाही. फार सुजलेल्या गराला पहिली भूल कधी कधी पुरत नाही, हे मात्र खरे आहे. तेव्हा जास्तीचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि दुखताच हात वर करून सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे.

रूट कॅनॉलमध्ये दाताभोवती रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध किंवा उपकरण घशात उतरत नाही. मग वरून छिद्र पाडून गर काढतात. या दाढेला सहसा दोन मुळे आणि त्यांत तीन नळ्या असतात, काहींना चार. ओठाला एक लहानशी चाप अडकवलेली असते आणि केसासारखी बारीक फाइल नळीत उतरत गेली की यंत्राचा टिक-टिक आवाज जलद होत जातो. मुळाचे टोक किती जवळ आले, ते त्यावरून कळते. मधूनमधून धुण्याच्या द्रावणाचा वास येतो, तलावाच्या पाण्यासारखा, कारण ते क्लोरीनयुक्तच असते. शेवटी गुलाबी रंगाच्या बारीक काड्या नळ्यांत बसवतात आणि तापवलेल्या उपकरणाने त्यांची टोके कापतात, तेव्हा तोंडापुढे धुराची लहानशी रेघ उठते. या काड्यांतला गटापर्चा हा पदार्थ मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून मिळतो, आणि एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर वेष्टण म्हणून तोच वापरला जात असे. हे सारे एकाच बैठकीत होऊ शकते. संसर्ग जास्त असल्यास मध्ये औषध भरून ठेवून दोन-तीन बैठकी घेतात.

दात काढणे बहुधा एका बैठकीत, कमी वेळात होते. त्यानंतर कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरायचा, त्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, कारण जखमेत जमलेली रक्ताची गाठ हेच तिथले झाकण असते. ती गाठ सुटली तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा त्रास अधिक दिसतो. रूट कॅनॉलनंतरचे दुखणे वेगळे असते. दोन-चार दिवस चावताना दाढ हुळहुळते आणि साध्या वेदनाशामक गोळीने ते आटोक्यात राहते. गर काढल्यावरही चावताना का दुखते, असे अनेक जण विचारतात. मुळाला हाडाशी जोडणारे तंतू जिवंत असतात आणि त्यांना स्वतःच्या नसा असतात, म्हणून दुखते. भातातला बारीकसा खडा दाढेखाली आला की तो तत्काळ कळतो, ही जाणीव त्याच तंतूंची असते. रूट कॅनॉल केलेल्या दाढेत ती टिकून राहते, तर इम्प्लांटभोवती (काढलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताभोवती) असे तंतू नसल्याने तिथे ती फारच अंधूक असते.

दोन मार्गांची तुलना खरी ठरते ती मात्र यानंतरच्या महिन्यांत, आणि याबाबतीत मला घरचाच अनुभव आहे. आईच्या दाढेचे रूट कॅनॉल उत्तम झाले होते, ठणका पूर्ण थांबला होता, आणि म्हणूनच कॅपचा खर्च दिवाळीनंतर बघू असे आम्ही ठरवले. दाढ कशामुळे कमकुवत झाली आहे, हे आम्हाला त्या दवाखान्यात कोणी समजावून सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. चकलीचा तुकडा चावताना 'टक्' असा आवाज झाला, तो समोर बसलेल्या मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुईच्या टोकाने दाढेचे दोन अर्धे किंचित अलग करून दाखवले. भेग मुळापर्यंत गेली होती आणि काढण्याखेरीज उपाय नव्हता. रूट कॅनॉलचे सगळे पैसे आणि आईने सोसलेल्या तीन बैठकी वाया गेल्या. तिला आजही त्या बाजूने चावता येत नाही.

असे का होते, ते समजून घ्यावे. कीड आणि नंतरचे छिद्र यांमुळे दाढ आतून पोकळ झालेली असते, तिच्या उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूला फाकतात, आणि कॅप त्या भिंतींना पिंपाच्या कड्यासारखी आवळून धरते. 2004 मध्ये अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून रूट कॅनॉल केलेल्या सुमारे 14 लाख 60 हजार दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ वर्षांनंतर त्यांतील 97 टक्के दात तोंडात टिकून होते, आणि जे काढावे लागले त्यांतील 85 टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. समोरच्या दातांवर भार कमी असल्याने त्यांचे बरेचदा साध्या भरण्यावर भागते. दाढेला कॅप लांबवू नये, आणि तेवढे पैसे जमणार नसतील तर ते आधीच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, म्हणजे तोवर दाढेला सावरणारे भरणे करता येते.

दाढ काढली तर पुढे काय होते? मुळाला धरून ठेवणारे हाड काम नसल्याने झिजते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते. मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलते, वरची दाढ खाली उतरू लागते, फटींत अन्न अडकते आणि चांगले दातही किडीच्या तोंडी येतात. जागा भरायची तर तीन मार्ग आहेत. काढघालीची कवळी सर्वांत स्वस्त, पण एका दाढेसाठी ती नेमाने वापरणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात; त्यासाठी ते दोन दात, ते निरोगी असले तरी, चोहोबाजूंनी घासावे लागतात, आणि मला हा सौदा महाग वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात जोडण्याची ही पद्धत स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये प्रथम रुग्णावर वापरली आणि आज ती भरवशाची आहे. मात्र ती पूर्ण व्हायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, हाड पुरेसे असावे लागते, मधुमेह आटोक्यात असावा लागतो, आणि खर्च रूट कॅनॉल व कॅप यांच्या एकत्रित खर्चाच्या दुपटी-तिपटीवर सहज जातो.

म्हणून माझा कौल असा: दाढ वाचण्याजोगी असेल तर वाचवावी. मात्र 'वाचण्याजोगी' हा शब्द कसोटीवर घासून घ्यायला हवा. मूळ उभे चिरलेले असेल, हिरडीच्या आजाराने दात खिळखिळा झाला असेल, किंवा कीड हिरडीखाली इतकी खोल गेली असेल की कॅपला धरायला भक्कम कडाच उरत नाही, तर रूट कॅनॉलचा आग्रह धरणे म्हणजे पैसे आणि सोसणे दोन्ही वाया घालवणे होय. अडचणीच्या जागी असलेली अक्कलदाढही सहसा काढलेलीच बरी. उलट ज्यांच्या जबड्याला रेडिएशन दिलेले आहे, किंवा ज्यांना हाडांच्या ठिसूळपणासाठी अथवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे चालू आहेत, त्यांच्यात दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो, म्हणून तिथे शक्य तोवर रूट कॅनॉलकडे झुकावे. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. वरचा दात काढल्याने नजर जाते ही भीती मात्र मनातून काढून टाकावी, कारण दाताची नस आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगवेगळ्या आहेत.

रूट कॅनॉलही क्वचित फसते. एखादी नळी सापडत नाही, फाइलचे टोक आत तुटते, किंवा वरचे भरणे गळू लागल्याने जंतू परत शिरतात. तेव्हा उपचार पुन्हा करता येतो, किंवा लहान शस्त्रक्रियेने मुळाचे टोक काढता येते. गुंतागुंतीच्या दाढेसाठी या विषयात एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेल्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करण्यात संकोच नसावा. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. तिथे वेळ आणि खेपा जास्त लागतात, पण विद्यार्थ्यांच्या प्रत्येक टप्प्यावर अध्यापकांची नजर असते.

होकार देण्यापूर्वी एक्स-रे समोर ठेवून विचारावे: कीड काढल्यावर हिरडीच्या वर दाढ किती उरेल, कॅप धरून एकूण खर्च किती, ती किती दिवसांत बसवायची, आणि काढलीच तर त्या जागी काय व केव्हा बसवता येईल. सूज गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर मात्र या प्रश्नांसाठी थांबू नये आणि त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.