दूरदर्शनच्या तीन जुन्या मालिका
घरातल्या तिन्ही पिढ्यांनी एकत्र बसून पाहावे असे काही हवे असेल, तर दूरदर्शनच्या जुन्या मालिकांकडे वळावे. श्याम बेनेगल यांची भारताच्या इतिहासावरची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ (१९८८) संथ आहे, सलग पाहण्याजोगी नाही. तरी नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरी यांचा औरंगजेब असलेले भाग चुकवू नयेत. ‘मालगुडी डेज’मध्ये चित्रीकरण झालेले कर्नाटकातले आगुंबे गाव आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे कथेइतकीच बोलकी आहेत. शीर्षकसंगीत तर दिवसभर ओठांवर राहते. रजित कपूर यांचा धोतर नेसलेला गुप्तहेर ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र रात्रीच्या जेवणानंतरच पाहावा. चित्र धूसर दिसते खरे, पण खुनी कोण यावर आमच्याकडे रोज पैज लागते.