रेंजवर पिस्तुलाचा भरवसा तपासताना: साधी गोळी की होलो पॉइंट?
सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल तपासायला फुल मेटल जॅकेटची (गोळीवर धातूचं आवरण असलेली) साधी काडतुसं स्वस्त पडतात, म्हणून ती भरपूर झाडता येतात. इथे संख्येला फार महत्त्व आहे. २०० फैरी विनाअडथळा गेल्या, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडकण्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आहे. ५० फैरींत हीच मर्यादा सहा टक्क्यांच्या आसपास जाते. दोन मॅगझिन (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेट्या) रिकाम्या करून 'एकदम झकास' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. १९११ च्या अमेरिकी लष्करी चाचणीत कोल्टच्या पिस्तुलातून तब्बल ६,००० गोळ्या झाडल्या होत्या, तेही उगाच नाही.

होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी, महाग, त्यामुळे संख्या गाठताना खिसा रडतो. पण तिचं नाक रुंद आणि बोथट असतं. ते फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून नळीत चढवणाऱ्या उतारावर, अडखळलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अर्ध्यावर थांबते, आत काडतूस तिरकं रुतलेलं दिसतं. गोल नाकाची गोळी तिथून अलगद वर सरकते. म्हणून साध्या गोळीचा निकाल होलो पॉइंटला लागू धरू नये. संख्या साध्या गोळ्यांनी भरावी, पण वापरात राहणार असलेल्या होलो पॉइंटचे निदान दोन-तीन डबे तरी झाडावेतच.

थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेला एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) मात्र दोन्हींत उघडा पडतो. मॅगझिनांवर आधीच नंबर टाका. दरवेळी एकाच नंबरची अडकत असेल, तर पिस्तुलाला बोल लावू नका.